जुनी गाडी, खारा वारा

सीटबेल्ट पार बाहेर ओढला, आणखी येईना तोवर ओढला, तेव्हा शेवटच्या वीतभर पट्टीवर गाळाची तांबूस रेघ दिसली. गाडी बाहेरून आरशासारखी चकचकीत, आत अत्तराचा घमघमाट. विकणारे गृहस्थ शेजारीच उभे होते. मी पट्टी हातात धरून त्यांच्याकडे पाहिलं, तशी त्यांनी मान खाली घातली. "बाई, २२ जुलैला सगळंच गेलं हो," एवढंच म्हणाले.

२०२१ च्या त्या दिवशी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, ते आठवलं की आजही आमच्या भागात माणसं बोलता बोलता गप्प होतात. दुकानं, घरं, दप्तरं, धान्य, आणि दारात उभ्या असलेल्या गाड्या. मला त्या गृहस्थांचा राग आला नाही. त्यांनी आणलेला चहा प्याले आणि गाडी न घेता गुहागरकडच्या एसटीत बसले. पण त्या दिवसापासून जुनी गाडी बघायला जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: आधी सीटबेल्ट ओढा. मग सीटच्या खालच्या रुळांवर बोट फिरवा, डिकीतलं स्टेपनीचं झाकण उचला, गालिच्याखाली सीटचे बोल्ट गंजलेत का बघा, हेडलाइटच्या आत दव साचलंय का बघा. धुणारा माणूस गाडी कितीही मन लावून धुवो, पट्टीचा तो गुंडाळलेला शेवट धुवायचा राहतोच.

गाडी हवी होती ती बाबांच्या गुडघ्यांसाठी. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, सगळं आयुष्य त्या उंच पायरीवरून चढण्याउतरण्यात गेलं, आणि निवृत्तीनंतर नेमकी तीच पायरी त्यांना चढता येईना. दाखवायला कऱ्हाडला जावं लागायचं. माझी शाळा घरापासून ९ किलोमीटरवर. आमच्या घराकडे उतरणारा रस्ता म्हणजे जांभ्याचे चिरे आणि मधून वाहणारा पऱ्ह्या, तिथे बुटकी गाडी पोट घासते. म्हणून थोडी उंच, पण अरुंद बोळात वळेल इतकी आखूड, आणि घाटात दम न सोडणारी अशी गाडी शोधत होते. या वर्णनाला बाजारात एकच जात बसते: ४ मीटरच्या आतली, छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनाची क्रॉसओव्हर, म्हणजे साध्या गाडीची उंच केलेली बहीण.

ही जात आपल्याकडे फोफावली ती कायद्याच्या एका ओळीमुळे. २००६ च्या अर्थसंकल्पात ४ मीटरच्या आतल्या आणि पेट्रोलवर १२०० सीसीच्या आतल्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली. मग मोठ्या गाडीचा रुबाब त्या मापात कोंबायची खटपट सुरू झाली. २०१३ मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट आली, तिच्यात ९९९ सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन होतं. नंतर एकेक करून बऱ्याच कंपन्या त्या वाटेनं गेल्या. आता सेकंडहॅंड बाजारात या गाड्या पाच-सात वर्षांच्या होऊन येताहेत, आणि त्यांचे खरे गुणदोष याच वयात बाहेर पडतात.

मी विज्ञान शिकवते. टर्बो म्हणजे काय, हे नववीच्या मुलांना सांगताना मी त्यांना दोन भिंगऱ्या एकाच काडीला लावायला सांगते. सायलेन्सरकडे निघालेल्या तापलेल्या धुरानं एक भिंगरी फिरते, तिच्याबरोबर दुसरी फिरते आणि ती बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येतं, म्हणून छोट्या इंजिनात मोठ्याचं बळ. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. कल्पना साधी आहे, तिची परिस्थिती साधी नाही. पेट्रोल इंजिनातून येणारा तो धूर ९०० अंशांच्या पुढे तापलेला असतो, आणि काडी मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेते. ती टेकलेली असते फक्त तेलाच्या पातळ थरावर. टर्बो गाडीची बरीचशी दुखणी शेवटी त्या थरापाशी येऊन थांबतात.

गाडी अखेर पुण्यात मिळाली. २०२० ची, ४१,००० किलोमीटर चाललेली, एकच मालक, ६ गिअर हातानं टाकायचे. ऑटोमॅटिक मुद्दाम टाळली. या वर्गातल्या काही गाड्यांत कोरड्या दुहेरी क्लचचा, म्हणजे तेलात न बुडवलेल्या दोन क्लचनी आपोआप गिअर टाकणारा गिअरबॉक्स असतो. तो मोकळ्या रस्त्यावर लोण्यासारखा चालतो, पण घाटात ट्रकच्या मागे इंच इंच सरकताना तापतो. परशुराम घाटात गणपतीच्या आधीच्या शनिवारी गाड्या कशा उभ्या असतात, हे ज्यानं पाहिलंय त्याला मी काय म्हणते ते कळेल.

जाताना मालकांना फोन करून एकच विनंती केली होती, मी येण्याआधी गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर तळवा ठेवला. गार होतं. थंड इंजिन सुरू होताना जे बोलतं ते तापल्यावर बोलत नाही. सुरुवातीचा खडखडाट, एखाद्या सिलिंडरचा अडखळा, मागून निळसर धूर, हे सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात. यातलं काही नव्हतं. तेलाच्या पावत्या होत्या, पण एक वर्ष गाळलेलं होतं. मी ती जागा दाखवली. मालक म्हणाले, लॉकडाऊनमध्ये गाडी चाललीच नाही, म्हणून तेल बदललं नाही. तेल किलोमीटरनं म्हातारं होतं तसं महिन्यांनीही होतं. किंमत थोडी उतरली आणि व्यवहार झाला.

घरी आणली तेव्हा बाबा काठी टेकत अंगणात आले. बॉनेट उघडायला लावलं, बराच वेळ आत बघत राहिले. म्हणाले, "बाय, हजार सीसीचं इंजिन घाट चढवतंय म्हणजे ते कुणाच्या तरी जिवावर चढवतंय."

दोन महिन्यांनी कुंभार्ली घाटात ते शब्द माझ्या कानात वाजले. कऱ्हाडहून परत येत होतो का, नाही, जात होतो, कारण चढ होता. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला तर गाडीत जीवच नाही. नेहमीची बारीक शिट्टी जाऊन तिच्या जागी 'फुस्स' असा आवाज, जसा सायकलच्या ट्यूबला पंप नीट बसला नाही की येतो. इंजिनाचा पिवळा दिवा लागला. पाठीमागे ट्रक, बाजूला दरी, शेजारी ऑपरेशनसाठी चाललेले बाबा. दुसऱ्या गिअरवर, पहिल्या गिअरवर, तशीच वर नेली. तिनं पोचवलं. टर्बोचा दाब गेला तरी गाडी साध्या हजार सीसीच्या गाडीसारखी चालत राहते, हे तेव्हा हातांना कळलं.

एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. संगणक लावला, पी०२९९ असा कोड आला, म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. तिथल्या माणसानं कागदावर आकडा लिहिला: टर्बो बदलावा लागेल, सव्वा लाख. मला आजही त्या कागदाचा त्रास होतो. कोड सांगतो की दाब कमी आहे. तो कुठे गळतो हे कोड सांगत नाही, ते माणसानं शोधायचं असतं. तिथे कोणी बॉनेटखाली हातही घातला नाही.

गाडी तशीच आमच्या मिस्त्रींकडे आणली. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता, म्हणून ते मला बाईच म्हणतात. त्यांनी हवेच्या फिल्टरकडची बाजू बुच मारून बंद केली, पाइपातून कमी दाबाची हवा सोडली आणि साबणाच्या फेसाचा ब्रश घेऊन एकेका जोडावर फिरवत गेले. टर्बोकडून इंटरकूलरकडे, म्हणजे दाबून तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीकडे जाणाऱ्या रबरी पाइपाच्या खालच्या वळणावर बुडबुडे आले. तिथेच तेलकट डागावर तांबडी माती चिकटून बसली होती. "हा डाग आधी बघायला हवा होता," ते म्हणाले. पूर्वी कधीतरी बंपर खोलताना पाइपाचा क्लॅम्प तिरपा बसवून आवळला होता, त्याची कड रबरात रुतत रुतत शेवटी फाटली. त्यांनी पाइप काढल्यावर टर्बोची भिंगरीही बोटानं हलवून दाखवली. ती सहज फिरत होती आणि कडेला कुठे घासत नव्हती. नवा पाइप आणि क्लॅम्प मिळून साडेतीन हजार. सव्वा लाखातून साडेतीन हजार वजा केले तर जे उरतं, ते आमच्याकडे बाबांच्या दुसऱ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला लागलं.

जुनी टर्बो गाडी घेणाऱ्यानं म्हणून टर्बोच्या आधी पाइपांना भ्यावं. रबर तापतं, तेलाची वाफ खातं, तडकतं. त्यानंतर तो दाब कमीजास्त करणारा छोटा झडपेचा दांडा, जो मिठाच्या हवेत अडकतो आणि खुळखुळतो. टर्बो स्वतः मरतो तो बहुतेक वेळा तेलाच्या हेळसांडीनं.

बाबांचं आणि या इंजिनाचं नातं जमायला वेळ लागला. शेजारी बसले की ते म्हणायचे, "टॉपला टाक, उगाच गुरगुरवू नको." एसटीच्या मोठ्या डिझेल इंजिनाचं ते शहाणपण होतं: वरचा गिअर, कमी फेरे, डिझेल वाचतं. पण छोट्या टर्बो पेट्रोलला नेमकं हेच सोसत नाही. वरच्या गिअरमध्ये फेरे हजार-दीड हजारावर आणि चढावर ॲक्सिलरेटर पार दाबलेला, अशा वेळी सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याआधीच इंधन पेट घेऊ शकतं, आणि तो दणका पिस्टन फोडण्याइतका मोठा असतो. हे इतकं खरं आहे की त्यासाठी इंजिन ऑइलची मानकं बदलली. एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट; तिची २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस आणि २०२० मध्ये एपीआय एसपी ही जी प्रत आली, तिच्यात हा अकाली पेट रोखण्याची चाचणी घातली गेली. तेलातल्या कॅल्शियमच्या प्रमाणाचाही त्यात हात असतो. म्हणून डब्यावर ही अक्षरं बघून आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्याच जाडीचं तेल घ्यायचं. चढावर एक गिअर खाली टाकून गुरगुरू द्यायचं. मी हे बाबांना समजावलं, तेव्हा त्यांनी वाद घातला नाही, फक्त विचारलं, "मग इतकी वर्षं मी चुकीचं चालवलं?" नाही बाबा, ते इंजिन वेगळं होतं.

त्यांची दुसरी सवय मात्र जशीच्या तशी लागू पडली. डेपोत गाडी लावल्यावर ते कधी लगेच बंद करत नसत. घाट चढून आलेला टर्बो लाल तापलेला असतो, इंजिन बंद केलं की तेलाचा प्रवाह थांबतो आणि आत अडकलेलं तेल जळून त्याचा कोळसा धरतो. म्हणून जोरात चालवून आल्यावर मिनिटभर तसंच चालू ठेवायचं. गावातल्या गावात फिरून आलं तर त्याची गरज नाही.

ज्या दोषानं मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं, तो दोष गाडीचा नव्हताच. पहिल्या पावसाळ्यात तेलाची पट्टी काढली तर तेल वरच्या खुणेच्या चार-पाच मिलिमीटर वर. तेल कमी होतं हे माहीत होतं, वाढतं कसं? नाकाशी नेलं तर पेट्रोलचा वास. यातल्या बऱ्याच इंजिनांत, माझ्याही, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात. इंजिन थंड असताना ते जरा जास्तच फवारावं लागतं, त्यातलं काही भिंतीवर ओलं राहतं आणि पिस्टनच्या रिंगांमधून खाली तेलात उतरतं. इंजिन नीट तापलं तर ते पुन्हा उडून जातं. माझं इंजिन तापतच नव्हतं. शाळा ९ किलोमीटर, मधल्या सुट्टीत बाबांना जेवण द्यायला घरी, परत शाळा, परत घर. दिवसातून चारदा थंड सुरुवात. समोरचा काटा मध्यावर यायचा आणि मला वाटायचं, तापलं. तो काटा पाण्याचा. तेल तापायला त्याच्या मागून बराच वेळ लागतो.

पातळ झालेलं तेल, आणि त्याच्यावर लाखभर फेरे घेणारी ती काडी. काही इंजिनांत टायमिंगचा रबरी पट्टाच तेलात बुडालेला असतो. तिथे हे पेट्रोल पट्ट्याला फुगवतं, त्याचा चुरा होतो आणि तेलाची जाळी तुंबते. माझ्या गाडीत साखळी आहे, पण घेताना हा प्रश्न विचारायचं मला सुचलं नव्हतं. घेणाऱ्यानं विचारावा: साखळी की पट्टा, आणि पट्टा असेल तर तेलातला का, आणि कधी बदलला.

याच फवाऱ्याचा आणखी एक परिणाम आहे. पूर्वी पेट्रोल झडपांवरून जायचं, त्यांना धुऊन जायचं. आता ते वरून जातच नाही, त्यामुळे हवेच्या झडपांवर काजळी साठत जाते. ती काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबानं मारतात, धातूला ओरखडा न पाडता काजळी उतरते. माझ्यावर ती वेळ अजून आलेली नाही.

मिस्त्रींनी सांगितलेला उपाय साधा होता. तेल १०,००० ऐवजी ५,००० किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी बदला. आणि रविवारी गाडी मोकळी सोडा, तासभर, न थांबता. मी मधल्या सुट्टीत घरी यायचं बंद केलं, बाबांचं ताट सकाळीच झाकून ठेवायला लागले. रविवारचा तास मात्र आमच्या दोघांचा झाला. हेदवी, नरवण, तवसाळ. जेट्टीवर जयगडची फेरीबोट लागलेली असते, आम्ही चढत नाही, वळतो. बाबा वाटेत सांगतात, या वळणावर १९९० च्या आधी रस्ताच नव्हता, इथे पिसईच्या झाडाखाली गाडी पंक्चर झाली होती, तिथे एक बाई रोज ताक घेऊन उभी राहायची. तेल तापावं म्हणून निघालेली फेरी, पण हे सगळं मला एरवी कधी ऐकायला मिळालं नसतं.

आता खाऱ्या वाऱ्याकडे येते, कारण पुण्यामुंबईचे सल्ले इथे अपुरे पडतात. प्रयोगशाळेत मी गंजाचा प्रयोग करते, तेव्हा एका परीक्षानळीत साधं पाणी आणि एकीत पालशेतच्या समुद्राचं पाणी घेते. खिळ्यांमधला फरक मुलांना लवकरच दिसतो. माझी गाडी त्या दुसऱ्या नळीत राहते. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं तसे वायरींचे तांब्याचे टोक हिरवे पडतात. मिस्त्री म्हणतात, समुद्राकाठी निम्मे फॉल्ट अर्थिंगचे. जुलैत एकदा इंजिन थरथरू लागलं, दिवा लागला-विझला. एका सिलिंडरच्या कॉइलच्या, म्हणजे ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाच्या जोडात ओल शिरली होती. तीन सिलिंडरच्या इंजिनात एक गेलं की तिसरा हिस्सा जातो, अख्खी गाडी हादरते. जोड साफ करून कॉइल बदलली. चेसिसवरचे अर्थिंगचे बोल्ट दर दिवाळीला सोडवून, पॉलिश पेपरनं घासून, वर पेट्रोलियम जेली लावतो. फेरीबोटीनं आलं की त्याच दिवशी विहिरीच्या गोड्या पाण्यानं खालून धुवायची. एसीचा कंडेन्सर तर पुढेच, वाऱ्याच्या तोंडावर. त्याची ॲल्युमिनियमची पाती बोट लावलं तर भुगा होतात, हे जुनी गाडी किनाऱ्यावरून घेणाऱ्यानं जाळीतून टॉर्च मारून बघावं. पावसात चार दिवस उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकाखाली जांभ्याचा तुकडा लावायचा, नाहीतर ब्रेक चिकटून बसतो.

कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीतली पातळी हळूहळू उतरत होती, थर्मोस्टॅटच्या प्लॅस्टिकच्या घराच्या जोडावर गुलाबी खरपुडी दिसली, ते बदललं. उंदरांनी एकदा वायर खाल्ली. भातखाचरं भरली की ते वर येतात, आणि इंजिन उबदार असतं. जाळी लावली.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे सरासरी थोडी घसरते, हे मला माझ्या वहीत दिसतं. पण त्याचा ऑक्टेन, म्हणजे अकाली पेट न घेण्याचा गुण, जास्त, आणि टर्बो इंजिनाला तो गुण उपयोगी. इथेनॉल ओल धरतं, म्हणून आमच्या हवेत टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी करू नये. जुन्या गाडीच्या इंधनाच्या नळ्या दर सर्व्हिसला बघून घ्याव्यात.

वही मी पहिल्या दिवसापासून ठेवली होती. गेल्या वर्षी गुडघे बरे झाल्यावर बाबांनी ती माझ्याकडून घेतली. रविवारी परत आलो की ते उतरत नाहीत. मिनिटभर मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात, मग हात खाली करतात, मी किल्ली फिरवते. दहा मिनिटांनी तेल खाली निथळलं की पट्टी स्वतः काढतात, धोतराला नाही, जुन्या बनियनच्या फडक्याला पुसतात, पुन्हा घालून काढतात. या रविवारची नोंद त्यांच्या लॉगशीटच्या ठसठशीत अक्षरात अशी आहे:

कि.मी. ६८,४१२. तेल मधल्या खुणेवर, वास नाही. पाणी ठीक. डाव्या बाजूचा पाइप कोरडा. तवसाळ जाऊन-येऊन, घाटी तिसऱ्या गिअरवर. गाडी मार्गस्थ.